जमिनीखालचा ओढा नकाशावर कसा दाखवावा

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर तुम्हाला रेघ ओढता येते, हे गृहीत धरतो. रेघ पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने काढा. पाणी जिथे जमिनीखाली शिरते आणि जिथे बाहेर पडते, तिथे तिचे तुकडे करा. मधला तुकडा गाळू नका.

गोची होते ती वर्गवारीत. पाणी कसले आणि ते कशाखालून जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेघेला माहितीची लेबले, म्हणजे टॅग, जोडतात; पहिल्याचे उत्तर ‘वॉटरवे’ या टॅगमध्ये जाते, दुसऱ्याचे ‘टनेल’मध्ये. रस्त्याखाली गेला म्हणून ओढ्याचा ‘ड्रेन’ (बांधीव गटार) करून टाकणारे महाभाग खूप आहेत. वर ‘स्ट्रीम’ (ओढा) असेल तर खालीही ‘स्ट्रीम’च लिहा, कालव्याला ‘कॅनॉल’च. प्रवाहच सांडपाण्याच्या जाळ्यात वळवलेला असेल, जसे लंडनच्या फ्लीट नदीचे झाले, तर मात्र जुन्या नावाच्या मोहापायी तिथे नदी दाखवू नका.

आता ‘टनेल’. रस्त्याखालची साधी मोरी, मग ती नळाची असो वा काँक्रीटच्या चौकटीची, ‘कल्व्हर्ट’. इंग्लंडमधल्या स्टँडेजसारखा सुमारे ५ किलोमीटरचा, बोटी जाणारा कालव्याचा बोगदा असेल तर ‘येस’. माणूस शिरेल एवढा, पण पाणी सोडल्यावर आत थांबणे अशक्य, असा जलवाहक बोगदा ‘फ्लडेड’. नाल्यावर नुसत्या फरशा टाकल्या असतील तर ‘टनेल’ला हातच लावू नका; ‘कव्हर्ड=येस’ पुरे.

हे उपग्रहचित्रावरून ठरवायला जाऊ नका. त्यात झाडी दिसते, मोरीचे तोंड दिसत नाही. जागेवर जा. कठड्यावरून वाकून पाहिले की जाळीला अडकलेला पालापाचोळा आणि त्यामागचा नळ दिसतो, आणि प्रश्न मिटतो. लांब झाकलेल्या भागात दोन तोंडे सरळ रेघेने जोडायचा मोह आवरा. मार्ग ठाऊक नसेल तर अंदाजाने रेघ काढा, पण ‘फिक्समी’ (‘हे तपासून दुरुस्त करा’ असा टॅग) टाकून तसे सांगा.

‘लेयर’, म्हणजे कोण वर आणि कोण खाली ते सांगणारा टॅग, उणे १ फक्त झाकलेल्या तुकड्याला. चुका शोधणाऱ्या तपासनीस प्रणालीच्या सूचना बंद व्हाव्यात म्हणून अख्ख्या ओढ्याला उणे १ देणे ही शुद्ध चालूगिरी आहे. त्याने खऱ्या चुकाही झाकल्या जातात. मोरी आणि रस्ता यांना सामाईक बिंदू नको. खाली मोरी दाखवली असेल तर वर पूलही नको.