घरात कुत्रा आणि अंगणात कण्हेर: या चुका टाळा

सोलापुरात घरापुढे झाड लावताना लोक तीन गोष्टी बघतात. उन्हात टिकेल का, काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर जगेल का, आणि शेळ्या खातील का. या तिन्हींत पास होणारी झाडं कोणती? कण्हेर, बिट्टी, रुई, एरंड, आणि हल्ली हौसेनं आणलेले सायकस न् अडेनियम. पण शेळी त्यांच्या वाटेला जात नाही, कारण ही झाडं विषारी आहेत. घरात कुत्रा आला की नेमकी हीच झाडं आधी तपासायची.

‘कुत्र्याला बरोबर कळतं’ म्हणून सोडून देणं

थोराड कुत्रा कण्हेरीचं कडू पान सहसा खात नाही, हे खरं. पण दात येणारं पिल्लू चप्पल, पायपुसणं, पाण्याचा पाइप, सगळंच चावतं. त्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, म्हणून दिवसभर घरात कोंडलेलं असतं. संध्याकाळी सुटलं की दिसेल त्यात तोंड घालतं.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हा तर पिल्लासाठी आयता खेळ. तिची हिरवी, कोनदार फळं खाली पडतात, ढकलली की घरंगळतात. पिल्लू त्यांच्यामागे पळतं, तोंडात धरतं, चावतं. आतली बी सगळ्यात जहाल. कण्हेर असो वा बिट्टी, विष थेट हृदयावर जातं: आधी लाळ, उलट्या, जुलाब, मग ठोके मंदावतात किंवा वेडेवाकडे पडतात. फळं रोज वेचा, नाहीतर झाडच काढा. मी तर काढाच म्हणेन.

छाटणी करून फांद्या कोपऱ्यात टाकणं

माळी कण्हेर छाटतो, ढीग कंपाउंडला लावतो आणि ‘उद्या नेतो’ म्हणून जातो. पान सुकलं की त्याचा कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. म्हणजे ओल्या पानापेक्षा सुकलेलं पान जास्त फसवतं. फांद्या त्याच दिवशी बाहेर जाऊ द्या. पेटवूही नका, धूरही बाधतो. या फांद्या ठेवलेल्या बादलीतलं पाणी कुत्र्यानं प्यायलं तरी त्रास होऊ शकतो.

निर्माल्याचंही तेच. सोमवारी महादेवाला कण्हेर न् धोतरा, शनिवारी मारुतीला रुईची माळ, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कुंडीच्या बुडाशी. पेढ्याचा नाहीतर खोबऱ्याचा वास लागलेला असतो, मग कुत्रं काय सोडतंय! निर्माल्याला झाकणाची बादली ठेवा.

सायकसला ‘पाम’ समजणं

नर्सरीत याला पाम म्हणतात, पण हा पाम नव्हेच. खरा अरेका पाम कुत्र्याला निर्धोक आहे. सायकसचा मात्र प्रत्येक भाग विषारी, आणि मादी झाडाच्या केशरी-लाल बिया सगळ्यात वाईट. एक-दोन बियाही जिवावर बेतू शकतात. घोळ पुढे होतो: कुत्रं उलट्या करतं, मग जरा सावरल्यासारखं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बसतं. हिरड्या पिवळ्या, शी काळी. तेव्हा धावपळ करून फारसं हाती लागत नाही. सायकस खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघू नका.

खताकडे दुर्लक्ष

एरंडाचं झाड तोडलं, पण गुलाबाला एरंडीची पेंड घातली, तर काय उपयोग? बियांतलं विष पेंडीत राहू शकतं. वर त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर कुत्रा कुंडी उकरून खातो. घरात कुत्रा असेल तर शेणखत किंवा गांडूळखत बरं.

मनी प्लांट न् डिफेनबॅकियानं तोंडाची आग होते, लाळ गळते, कुत्रा पंजानं तोंड घासतो. त्रास होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. तोंड पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना कळवा. मांडवावर द्राक्षाचा वेल असेल तर द्राक्षं न् बेदाणेही कुत्र्यापासून लांब ठेवा, मूत्रपिंडाला धोका असतो. जास्वंद, मोगरा, गुलाब खुशाल लावा.

मिठाचं पाणी पाजणं

शेजारचं कुणीतरी सांगतंच, ‘मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल.’ अजिबात नको. रक्तात मीठ वाढून वेगळंच दुखणं उभं राहतं, आणि ग्लानीतल्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात जाऊ शकते. तूप पाजून विष उतरत नाही. उलटी करवायची की ॲक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषून घेणारी कोळशाची पूड) द्यायचा, हे पशुवैद्य ठरवतील.

फोन करताना झाडाचं नाव, साधारण किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन सांगा, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. निघताना चावलेली फांदी किंवा बी पिशवीत घ्या, झाडाचा फोटो काढा. नुसतं ‘अंगणातलं काहीतरी खाल्लं’ म्हटलं तर डॉक्टरांना अंदाजानं सुरुवात करावी लागते. आणि रविवारी किंवा रात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो, हे आजच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.