सालीवरचे स्लाइम मोल्ड घरी कसे उगवायचे

स्लाइम मोल्ड ही बुरशी नव्हे, अमीबाच्या गोतातला जीव. त्यासाठी झाड सोलू नका; सालीचे सुटे, वाळके पापुद्रे पुरतात.

पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ पारदर्शक बशीत, टिपकागद घालून तुकडे एकमेकांवर न चढवता मांडा. बुडतील इतकं डिस्टिल्ड पाणी ओता, नळाचं क्लोरीनवालं नको. 24 तासांनी उरलेलं पाणी ओतून टाका. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच: पाणी साचून राहिलं की साध्या बुरशीचा कापूस सगळं व्यापतो.

डिश झाकून उन्हाआड ठेवा. तिसऱ्या दिवसापासून 10 पट भिंगातून रोज बघा, कारण सालीवरच्या कित्येक जाती मिलिमीटरभरही नसतात. काही जाती आठवडाभरात दिसतात, काहींना महिना लागतो. बीजाणू पिकले की झाकण किलकिलं करून सावकाश वाळवा आणि तुकडा काडेपेटीच्या तळाशी चिकटवा.