सटरफटर कामांत मजा कशी घ्यावी

किल्लीची नक्कल काढून आणणे, पार्सल टाकणे, चपलेचा उसवलेला पट्टा शिवून आणणे, वाचनालयातली पुस्तकं बदलणे. असली कामं आमच्या घरात माझ्या वाट्याला आली ती कायमचीच, आणि आता ती मी कुणाला देत नाही. यावर जे सल्ले मिळतात ते मात्र डोकं उठवतात. कानात काहीतरी लावून जा म्हणे, म्हणजे कामाला गेल्यासारखं वाटणार नाही. अहो, मग तिथे नसल्यासारखंच परत यायचं? दुसरा सल्ला कृतज्ञतेच्या वहीचा. आणली होती मी. पाचव्या दिवसापासून तिच्यात फोन नंबर आणि पार्सलच्या पावत्या.

एका फेरीत दोनच कामं

सात कामं एका दमात उरकायला निघालेला माणूस सातही ठिकाणी घड्याळ बघत असतो. दोनच घ्या, आणि त्यातलं एक असं असू दे की राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही. कटकटीचं आधी, आवडीचं मागून. मी पुस्तकं नेहमी शेवटी बदलते.

येताना वेगळ्या रस्त्याने या

यात सांगण्यासारखं काही नाही. या, म्हणजे कळेल.

रांग

माझं घोडं इथे पेंड खायचं, तेव्हा जरा सविस्तर.

आधी एक भ्रम काढून टाका. आपण उभे राहू ती रांग तेवढी अडकते आणि बाकीच्या सरकतात, असं प्रत्येकालाच वाटतं. तीन सारख्या रांगा असतील तर आपली सगळ्यांत वेगात जाण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा शेजारची कुठली तरी रांग पुढे जाणारच, त्यात नशिबाचा काही हात नाही. या वाट पाहण्याचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या कॉल्सचा हिशेब मांडला, त्यातून ते पुढे वाढत गेलं. तुमच्या-माझ्यापुरता त्याचा अर्थ इतकाच, की रांग बदलू नका. बदललीत की दोन्ही रांगांकडे बघून चडफडत बसाल.

मग मोजा. पुढे किती माणसं आहेत? दोघांचं काम उरकायला प्रत्येकी किती वेळ लागला? गुणाकार करा. पुढे नऊ जण, प्रत्येकी अडीच मिनिटं, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं. एखाद्याच्या हातात कागदांचा गठ्ठा असेल तर त्याला तिघांच्या जागी धरा. हे जुजबी वाटेल, पण बावीस मिनिटं उभं राहणं सोपं असतं, 'किती वेळ लागेल कोण जाणे' असं पाच मिनिटं उभं राहणं अवघड.

आता फोन. हात आपोआप खिशाकडे जातो, आणि तो काढायचा नाही असा निश्चय करून मी कितीतरी वेळा हरले आहे. एकदा भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या, अग्निशामक नळकांड्यावरची तारीखसुद्धा वाचली, आणि तिसऱ्या मिनिटाला 'फक्त वेळ बघू' म्हणून फोन काढला. वेळ बघितलीच नाही. आपला नंबर आला हे मागच्या बाईंनी खांद्यावर टकटक करून सांगितलं.

बरं, ही फक्त आपली खोड नव्हे. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवलं होतं. हाताशी एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसेही देऊ, असं हीच मंडळी आधी म्हणाली होती. तरी अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहा जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. तेव्हा 'मन शांत करा, श्वासाकडे लक्ष द्या' हे रांगेत सांगू नका. रिकामं मन रांगेत टिकत नाही, त्याला काम लागतं.

म्हणून तीन गोष्टी करा. मनगटावर घड्याळ बांधा, म्हणजे वेळेचं निमित्त संपलं. फोन खिशात नको, पिशवीच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली. आणि डोळ्यांना काम द्या: खिडकीपलीकडच्या माणसाचे हात बघा. चेहरा नाही, हात. चेहऱ्याकडे टक लावलीत तर तो अवघडतो आणि तुम्हीही. पुढच्या माणसाचे कागद आणि त्याचं बोलणं तुमच्यासाठी नाही, तिकडे कान देऊ नका. आणि उगाच गप्पा मारायला जाऊ नका. रांगेत ओळखी करून घ्या म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः कामाच्या गर्दीत खिडकीमागे बसून बघावं.

किल्लीवाल्याचे हात तर मी तासभर बघेन. तुमची किल्ली एका चिमट्यात, कोरी किल्ली शेजारच्या चिमट्यात. एक बोथट टोक जुन्या किल्लीच्या दातांवरून चालतं, आणि त्याच्याच जोडीने फिरती चकती कोऱ्या किल्लीत तसेच दात पाडत जाते. पितळेचा बारीक सोनेरी चुरा खाली पडतो. मग तो किल्ली तारेच्या ब्रशवर धरतो, कडेला राहिलेली खरखर निघून जाते, आणि दोन्ही किल्ल्या पाठीला पाठ लावून उजेडात बघतो.

हे इतकं आवडलं, की एका दुकानात मी त्याचा व्हिडिओ काढला. तो माझा शेवटचा. पडद्यात बघण्याच्या नादात ब्रश फिरवायचा राहिला हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी आल्यावर किल्ली कुलपात अर्ध्यावर अडकली. व्हिडिओ पाहिला तर त्यात सगळं स्पष्ट दिसत होतं.

रांगेत फोनशिवायची पहिली चार-पाच मिनिटं जड जातात. ती गेली की पुढचं आपोआप होतं. आजारी असाल, कडेवर रडतं मूल असेल, तर खुशाल फोन काढा.

घरी आल्यावरची करमणूक

काय बघायचं हे बसण्याआधी ठरवा, बसल्यावर नाही. पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय बंद करा. बोट सरकवत राहिलं तरी न संपणारं पान ज्यांनी २००६ मध्ये बनवलं, त्या एझा रास्किन यांनी स्वतःच पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे, तेव्हा आपण त्या पानाशी मनोनिग्रहाने झुंजायचं कारण नाही.

आणि मध्येच उठा. ऐन रंगात आलं असताना. हा सल्ला कुणाला पटत नाही, मलाही पटला नव्हता. पण २००९ च्या एका अभ्यासात जाहिरातींसकट कार्यक्रम पाहणाऱ्यांना तो विनाखंड पाहणाऱ्यांपेक्षा जास्त आवडला, आणि लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता. आपण सवयीने बोथट होत जातो, खंड पडला की चव परत येते. मी मध्येच उठून वाळलेले कपडे काढून आणते. पूर्वी एका रात्रीत चार भाग संपवायचे, आणि सकाळी तिसऱ्यात काय झालं ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

किल्लीचं राहिलंच. ती घेऊन परत त्याच दुकानात गेले, या वेळी फोन पिशवीत. त्याने ब्रश फिरवला, उजेडात धरली, आणि म्हणाला, तुम्ही दिलेली किल्लीच नक्कल आहे, मूळ किल्ली आणा, नकलेवरून नक्कल काढली की पहिल्या नकलेतली चूकही उतरते. मूळ किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली निघाली.