स्टोरीबोर्डवर उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मिळवायचा

सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर तीन मिनिटांच्या ॲनिमेशनपटाला 4,320 फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरून काम केलं तरी 2,160 चित्रं होतात. त्याच फिल्मचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटमागून शॉट चित्रांत मांडलेली गोष्ट, शंभर-सव्वाशे पॅनलांत (चौकटींत) बसतो. घोटाळा बोर्डवर सापडला तर एक पॅनल खोडून नवं काढायला दहा मिनिटं पुरतात. रंग आणि हालचाल झाल्यावर सापडला तर एकेका शॉटमागे काही दिवस जातात. त्यामुळे बोर्ड दाखवण्याचं काम घाईत उरकू नका.

बोर्ड दाखवून "कसं वाटलं?" असं विचारलं की उत्तर "छान आहे" असंच येतं. समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं, आणि त्या उत्तरातून तुमच्या हाती काही लागत नाही. आवडलं की नाही हे नंतर बघता येईल. आधी कळायला हवं ते हे की पॅनलांमधून त्याला नेमकं काय दिसलं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

उदाहरणाला एक गोष्ट धरू. नाशिकला रामकुंडावर दिवे विकणारी एक मुलगी. श्रावणातला पाऊस, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालाय, गोदावरीचं पाणी चढतंय आणि तिची टोपली खालच्या पायरीवर राहिली आहे.

दाखवण्याआधी

प्रत्येक शॉटला क्रमांक द्या, पण 1, 2, 3 असा नको. 10, 20, 30 असा द्या. मध्ये नवा शॉट आला तर तो 25 होतो आणि बाकीचे क्रमांक तसेच राहतात. सगळे क्रमांक बदलले की मागच्या फेरीतली टिपणं कुठल्या शॉटची हेच कळेनासं होतं. शॉटमधल्या पॅनलांना क, ख, ग लावा: 40क, 40ख.

पात्राची हालचाल दाखवणारे बाण एका रंगात आणि कॅमेऱ्याचे दुसऱ्या रंगात काढा. एकाच रंगात असले तर मुलगी डावीकडे पळते आहे की कॅमेरा डावीकडे सरकतो आहे, हे बघणाऱ्याला समजत नाही. रेखाटन कच्चं चालेल, पण पुढचं, मधलं आणि मागचं यांना करड्या रंगाच्या तीन छटा द्या. उलट, पॅनल फार देखणी करू नका. छायाप्रकाशासकट रंगवलेला बोर्ड दिसला की लोक चित्राचं कौतुक करतात किंवा हाताची बोटं चुकली म्हणतात, आणि गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पहिल्या वाचनासाठी पॅनलखालचं वर्णन काढून टाका. संवाद ठेवा. "मुलगी घाबरते" असं खाली लिहिलेलं असलं तर वाचणारा ते वाचून पुढे जातो. चित्रात भीती दिसते की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही.

कागदावर देणार असाल तर आडव्या ए-फोरवर सहा पॅनल पुरेत. मोबाइलवर पाठवायचं असेल तर एका पानावर एकच पॅनल अशी पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि पेन्सिलच्या बारीक रेषा फुटतात.

कोणाला दाखवायचं

कोरी नजर एका माणसाकडून एकदाच मिळते. दुसऱ्यांदा बघताना त्याला गोष्ट माहीत असते, मग पॅनलांतली भोकं तो स्वतःच भरून काढतो. म्हणून सगळ्या मित्रांना पहिल्याच दिवशी बोर्ड पाठवू नका. तीन फेऱ्या धरा आणि प्रत्येक फेरीला तीन नवे लोक राखून ठेवा. ग्रुपवर तर टाकूच नका. पहिल्याने जे लिहिलं तेच पुढचे लिहितात.

नाशिकमध्ये हौशी नाटकवाले भरपूर आहेत आणि त्यांची नजर कामाची असते. पात्र कुठून आलं, कुठे गेलं, कशासाठी थांबलं हे ते लगेच पकडतात. मात्र त्यांना अख्खं दृश्य एकदम बघायची सवय असते, क्लोजअप आला की "ती कुठे उभी आहे?" असं विचारतात. तो प्रश्न तुमच्या फायद्याचा आहे, लिहून घ्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना कट कुठे अडकतो ते नेमकं जाणवतं. चित्रकलेचे विद्यार्थी बहुधा रेषेवर बोलतील, त्यांना शेवटच्या फेरीत घ्या.

आणि प्रत्येक फेरीत एक माणूस नाशिकबाहेरचा हवाच. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलंय हे एका पॅनलमध्ये दाखवलं की नाशिककराला पूर किती चढलाय ते तत्काळ कळतं, कारण इथे पूर त्या मूर्तीवरच मोजतात. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या प्रेक्षकाला मात्र फक्त पाण्यात उभी मूर्ती दिसेल. त्याच्यासाठी आधी एकदा कोरड्या घाटावरची मूर्ती, शेजारी माणूस उभा करून, दाखवावी लागते. शिवाय मूर्तीला दोन्हीकडे तोंड आहे, त्यामुळे कॅमेरा कुठल्या बाजूला आहे हे सांगायला ती कामाची नाही. दिशेसाठी पूल किंवा देवळाचं शिखर धरा. संवादाचंही तसंच. नाशिककर गोदावरीला "गंगा" म्हणतात. "गंगेला पाणी आलं" हे ऐकून बाहेरचा माणूस गोंधळतो का, ते तपासा.

बैठक

एका वेळी एकच माणूस, वीस मिनिटं. कॅफेपेक्षा शांत खोली बरी. सुरुवातीला एवढंच सांगा: "तीन मिनिटांची फिल्म आहे. बघत जा आणि काय दिसतंय ते बोलत जा." परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. तुमच्या हातात बोर्डची दुसरी प्रत ठेवा. तो जिथे थांबला तिथे ठिपका, जिथून मागे वळला तिथे उलटा बाण. उलटे बाण जास्त महत्त्वाचे.

तुम्ही समजावून सांगायचं नाही. "ही कोण?" असं विचारलं तर "तुम्हाला कोण वाटते?" असं विचारा. थिएटरात तुम्ही प्रेक्षकाच्या शेजारी बसलेले नसणार.

बोर्ड संपला की तो मिटून ठेवा आणि हे विचारा:

1. गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा.
2. टोपली कुठे होती आणि मुलगी कुठे?
3. तिला काय हवं होतं, हे कुठे लक्षात आलं?
4. कुठलं चित्र दोनदा बघावं लागलं?

दुसऱ्या प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं तर बहुतेक वेळा रेषा ओलांडलेली असते. दोन गोष्टींना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो. शॉट 60 मध्ये टोपली मुलीच्या उजवीकडे आणि 70 मध्ये डावीकडे गेली, की ती टोपलीपासून लांब पळते आहे असं वाटतं.

ॲनिमॅटिक

पॅनल वाचून गोष्ट कळू लागली की ॲनिमॅटिक करा, म्हणजे प्रत्येक पॅनल ठरलेले सेकंद दाखवणारा, आवाजासकटचा कच्चा व्हिडिओ. क्रिटा आणि स्टोरीबोर्डर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. संवाद मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा; किती सेकंद लागतील याचा अंदाज बांधू नका, मराठी वाक्य बोलताना वाटतं त्यापेक्षा लांबतं. पाण्याचा तात्पुरता आवाजही टाका, तो नसला तर पुराचे शॉट रटाळ वाटतात आणि लोक ते उगाच कापायला सांगतात. कोपऱ्यात शॉट क्रमांक आणि टाइमकोड (फिल्मची चालू वेळ) हवाच.

पहिल्यांदा न थांबवता दाखवा आणि पडद्याकडे न बघता माणसाकडे बघा. तो खुर्चीत सरकला किंवा त्याची नजर मोबाइलकडे गेली की टाइमकोड टिपा. दुसऱ्यांदा थांबवत दाखवा. इथे नेहमी दिसणारी चूक म्हणजे ज्या शॉटमध्ये नवी माहिती आहे तो लहान पडतो, कारण तुम्हाला ती आधीच माहीत असते.

टिपणं निवडणं

वहीत चार रकाने करा: शॉट, तो काय म्हणाला, त्याला काय कळलं, मूळ कुठे आहे. चौथा रकाना तुम्ही नंतर एकटे बसून भरायचा. समजा तिघांनीही सांगितलं, "शॉट 90 मध्ये ती पाण्यात का उतरते ते कळलं नाही, तिथे चेहऱ्याचा क्लोजअप टाका." न कळणं खरं आहे. क्लोजअप हा मात्र त्यांचा अंदाज आहे. मागे जाऊन बघितलं तर शॉट 30 मध्ये टोपली चौकटीच्या कडेला, अर्धी कापलेली निघते. ती कुणाला दिसलीच नव्हती. दुरुस्ती 30 मध्ये करायची, 90 ला हात लावायचा नाही. आधी अशी मागे जाऊनच तपासणी करा.

तिघांपैकी दोघे एकाच ठिकाणी अडले तर बदल करा. एकटाच अडला तर खूण करून पुढच्या फेरीची वाट बघा. "शेवट आनंदी हवा होता" हा आवडीचा भाग झाला; तो निर्णय दिग्दर्शकाचा.

तीन नवे लोक, कुणी न सांगता, तीच गोष्ट सांगू लागले आणि एकाच पॅनलवर दोघे मागे वळले नाहीत, की बोर्ड पक्का करा. फाइलच्या नावात आवृत्ती आणि तारीख घाला, जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि टीममधल्या प्रत्येकाकडे हीच फाइल आहे याची खात्री करून मगच पहिला शॉट ॲनिमेशनला द्या.