डीलरचं सॉफ्टवेअर घरी आणलंत? मग या चुका टाळा

लॅपटॉप जोडला, दोषाचा कोड वाचला, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव होतं तो मागवून बदलला, आणि मीटरवरचा पिवळा दिवा तसाच. मोटरसायकलचं काम घरी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यातून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला: आपलं सॉफ्टवेअर कमी पडलं, डीलरवालं असतं तर कळलं असतं. बहुतेक वेळा तसं नसतं. डीलरच्या स्क्रीनवरही तोच कोड दिसला असता. पण त्याच्याकडे पुढची पानं असतात: वायरिंग डायग्राम, कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत, कुठून सुरुवात करून कुठे जायचं. म्हणून सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. ते हाताशी नसेल, तर डीलरचं अस्सल सॉफ्टवेअरही तुम्हाला चुकीचा पार्टच मागवायला लावेल.

कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नाही

पी-०१२२ हा कोड घ्या. थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, आपल्या पिनवर काय येतंय ते दिसतं. ते तसं का येतंय हे त्याला कळायला मार्ग नाही. सेन्सर खराब असेल, पाच व्होल्टची वायर तुटली असेल, सिग्नलची वायर चॅसीला घासून ग्राउंड होत असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असतील. कोड मात्र तोच.

मल्टिमीटर काढा. सेन्सरचा कनेक्टर सोडवा, इग्निशन ऑन करा आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या बाजूला रेफरन्स (पाच व्होल्टची) आणि ग्राउंड या दोन पिनांमध्ये मोजा. पाच व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. येत नसेल तर नवा सेन्सर लावून काही होणार नाही. दोष वायरमध्ये किंवा त्याही मागे आहे. येत असेल तर कनेक्टर परत लावा, सॉफ्टवेअरवर लाइव्ह डेटा उघडा आणि इंजिन बंद ठेवून थ्रॉटल अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे. मधेच एका जागी तो गचका खात असेल तर सेन्सरचा ट्रॅक झिजलाय. राइड-बाय-वायर, म्हणजे थ्रॉटल केबलऐवजी सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मुठीच्या सेन्सरची वायर हँडलबरोबर वाकत असते, म्हणून तिथे आणखी एक गोष्ट करा: थ्रॉटल स्थिर धरून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आकडा हलला तर हेडस्टॉकजवळची, म्हणजे हँडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं तिथली वायरवरची टेप सोडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि डीलरकडेही ते कुणाला तरी हातानंच करावं लागतं.

कोड पुसायची घाई हीही याच घरातली चूक. कोडबरोबर बऱ्याच गाड्या फ्रीझ फ्रेम साठवतात, म्हणजे दोष नोंदला गेला तेव्हाचे आरपीएम, इंजिनचं तापमान वगैरे. पुसलं की तेही जातं. आधी स्क्रीनशॉट, मग पुसणं.

एकदम सात-आठ कोड दिसले तर घाबरू नका, बॅटरी मोजा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेला की एबीएस, मीटर, ईसीयू सगळे एकमेकांशी बोलणं सोडतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावानं तक्रार नोंदवतो. अशा वेळी यू-नं सुरू होणारे, म्हणजे नेटवर्कचे कोड भरपूर दिसतात. बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, परत काय उगवतं ते पाहा.

चेनला तेल दिलं आणि एबीएसचा दिवा लागला

गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर घेऊन इंजिन चालू करून गिअर टाकला, तर मागचं चाक फिरतं आणि पुढचं थांबलेलं असतं. एबीएसच्या दृष्टीनं पुढच्या चाकाचा सेन्सर गप्प झालेला असतो, म्हणून तो फॉल्ट नोंदवतो. सेन्सर ठणठणीत असतो. इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा, थोडं अंतर चालवा. बहुतेक गाड्यांवर दिवा आपोआप जातो. (इंजिन चालू ठेवून चेनला हात लावणं हा बोटं गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे, तो मुद्दा वेगळा.) दिवा गेलाच नाही, तरच सेन्सर आणि टोन रिंग (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती चकती) यांच्यामधली घाण बघा.

कनेक्टर बसला म्हणून जोडणी जमली असं समजू नका

युरोपातले युरो ५ हे प्रदूषणाचे नियम नव्या मॉडेल्सना २०२० पासून लागू झाले आणि आयएसओ १९६८९ मानकातला सहा पिनांचा लाल कनेक्टर अनेक कंपन्यांच्या गाड्यांत दिसू लागला. त्याआधी प्रत्येकाचं वेगळं: डुकाटीचा चार पिनांचा, बीएमडब्ल्यूचा गोल दहा पिनांचा, ट्रायम्फच्या बऱ्याच गाड्यांत कारसारखा सोळा पिनांचा. बाजारात मिळणारे अडॅप्टर दिसायला सारखे असतात, आतली वायरिंग सारखी असेलच असं नाही. पहिल्यांदा जोडण्याआधी अडॅप्टरचं फक्त गाडीकडचं टोक लावा आणि दुसऱ्या टोकाला बारा व्होल्ट आणि ग्राउंड योग्य पिनांवर येतात का ते मोजा.

आणि कनेक्टर प्रमाणित झाला म्हणून त्यातून सगळं दिसेल असंही नाही. साधं ओबीडी (गाडीतले दोष वाचण्याची प्रमाणित पद्धत) ॲप प्रदूषणाशी संबंधित इंजिनचे कोड दाखवतं. एबीएस, सर्व्हिस रिमाइंडर, सस्पेन्शन, चावी यांच्यापर्यंत पोचायला त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर किंवा त्याच्या तोडीचं स्वतंत्र साधन लागतं. बीएमडब्ल्यूसाठी जीएस-९११, ट्रायम्फ आणि केटीएमसारख्या गाड्यांसाठी ट्यूनईसीयू ही त्यातली जुनी नावं. खरेदीआधी आपलं मॉडेल आणि वर्ष त्यांच्या यादीत शोधा; ‘सपोर्टेड’ या एका शब्दावर जाऊ नका, कारण कोड वाचता येतात पण एबीएस ब्लीड होत नाही, म्हणजे त्यातली हवा काढता येत नाही, अशी गाडीही यादीत असू शकते.

गाडी फोन किंवा लॅपटॉपशी जोडणाऱ्या स्वस्त ईएलएम ३२७ अडॅप्टरबद्दल दोन शब्द. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी-संरक्षण नव्हतं, म्हणून नकलांचा पूर आला. स्वतःला २.१ म्हणवणाऱ्या कित्येक नकला मूळ आवृत्तीतले अनेक आदेश ओळखतच नाहीत, आणि काहींना के-लाइनवरच्या (एका वायरवरून बोलण्याची जुनी पद्धत) जुन्या गाड्यांशी बोलताच येत नाही. गाडी ‘कनेक्ट होत नाही’ यामागे गाडीपेक्षा हा डबाच जास्त वेळा असतो.

जुन्या जपानी गाडीला तर बरेचदा लॅपटॉपच लागत नाही. सुझुकीच्या कित्येक मॉडेल्सवर सीटखालच्या डीलर मोड कनेक्टरच्या ठरलेल्या दोन पिना जोडल्या की मीटरवर कोड येतो. सी-०० म्हणजे फॉल्ट नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट केला की दिवा लुकलुकतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. कुठल्या दोन पिना हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजानं वायर खुपसू नका.

चोरीची कॉपी

डीलर सॉफ्टवेअरच्या ‘फुल व्हर्जन’ सीडी आणि लिंक सगळीकडे फिरतात. व्हायरसचा धोका आहेच, पण गाडीच्या दृष्टीनं मोठा धोका जुन्या डेटाचा. तुमच्या ईसीयूची आवृत्ती त्या कॉपीला माहीत नसेल तर ती चुकीचे आकडे दाखवते आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवता. सोबत येणारी केबलही बहुधा नकली. २०१४ मध्ये अशा केबलींतल्या यूएसबी चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीनं विंडोज अपडेटमधून पाठवलेल्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकला आणि चालू असलेल्या केबली एका रात्रीत मेल्या. ईसीयूत काही लिहिलं जात असताना केबल मेली तर काय होईल, याचा विचार करा.

कायदेशीर वाट अगदीच नाही असं नाही. युरोपीय संघाच्या १६८/२०१३ या नियमानं दुचाकी कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देणं बंधनकारक केलं, तीही तास, दिवस, महिना अशा शुल्कावर. आपल्या कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या संकेतस्थळावर मालकाला खातं उघडता येतं का, हे आधी बघा. कोड वाचल्यानं वॉरंटी जाते या भीतीनं गप्प बसू नका. अमेरिकेत तर २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं हार्ले-डेव्हिडसनला वॉरंटीतल्या, मालकाच्या दुरुस्तीच्या हक्कावर गदा आणणाऱ्या अटी काढायला लावल्या. ईसीयूचा मॅप, म्हणजे इंधन आणि स्पार्कचे ठरवलेले आकडे, बदलणं ही मात्र वेगळी गोष्ट. अनेक ईसीयू किती वेळा फ्लॅश झाले, म्हणजे त्यांतलं सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं गेलं, याची नोंद ठेवतात आणि ती डीलरला दिसते.

वाचताना मोकळे राहा, लिहिताना नाही

कोड आणि लाइव्ह डेटा कितीही वेळा बघा, गाडीचं काही बिघडत नाही. ईसीयूत काहीही लिहिताना मात्र तयारी हवी. चार्जर नव्हे, स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय लावा. फ्लॅशिंगला वेळ लागतो आणि इग्निशन ऑन असताना हेडलाइटसह सगळं बॅटरी खात असतं. लॅपटॉपचा स्लीप मोड आणि अपडेट बंद करा. ब्लूटूथऐवजी केबल वापरा. सॉफ्टवेअर मूळ फाइल वाचून ठेवू देत असेल तर ती आधी उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. लिहिणं अर्धवट अडकलं तर इग्निशन बंद करू नका. पॉवर चालू ठेवून बरेच ईसीयू पुन्हा लिहू देतात, बंद केल्यावर तोंडही उघडत नाहीत.

चाव्यांच्या मेनूत कुतूहल म्हणून शिरू नका. नवी चावी नोंदवण्याच्या प्रक्रियेत जुन्या सगळ्या पुसल्या जातात अशा गाड्या आहेत, तेव्हा असतील तेवढ्या चाव्या समोर ठेवूनच सुरुवात करा. जुन्या यामाहांची लाल चावी किंवा केटीएमची केशरी चावी नोंदणीसाठीच असते; ती रोजच्या जुडग्यात नको.

एबीएस ब्लीडिंगचं फंक्शन मालकाच्या सर्वात उपयोगाचं आणि सर्वात जबाबदारीचं. आधी नेहमीच्या पद्धतीनं ब्रेक ब्लीड करा, मग सॉफ्टवेअरनं मॉड्युलचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवा, मग पुन्हा नेहमीच्या पद्धतीनं. पंप चालताना ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी झरझर खाली जाते, म्हणून शेजारी उभं राहून ते भरत राहणारा दुसरा माणूस हवा. स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं तरी लिव्हर हाताला स्पंजी लागत असेल तर हवा अजून आत आहे; पुन्हा करा. लिव्हर टणक झाल्यावर पहिले काही ब्रेक रिकाम्या जागेत, पायी चालण्याच्या वेगानं मारून बघा, आणि त्यानंतर कोड परत वाचा.