टिकली, पट्टी आणि बाबांचा उजवा डोळा

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बाबांच्या डाव्या डोळ्यात धूळ गेली. तो डोळा मिटून ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा वरचा कोपरा कोणी फाडला वं?" कोपरा जागेवरच होता. बाबांच्या उजव्या डोळ्याला तो दिसत नव्हता. रोज सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस! तपासणीत काचबिंदू निघाला, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू निकामी करणारा आजार. नसेचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही, थेंबांनी फक्त पुढचं थोपवता येतं.

त्यांना आधी कळलं कसं नाही, हे मला घरच्यांना समजावून सांगायचं होतं. शब्दांनी जमेना, तेव्हा मी टिकलीचं पाकीट काढलं. तुम्हीही करून बघा.

कोऱ्या कागदावर डावीकडे पेनाने फुली काढा. तिच्या उजवीकडे, सरळ रेषेत ८ सेंटिमीटरवर एक लहान लाल टिकली चिकटवा. चष्मा असेल तर राहू द्या. डावा डोळा तळव्याने झाका, पण दाबू नका. दाबला की मग बराच वेळ धूसर दिसतं. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि हातभर लांब धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर टिकली नाहीशी होते. आणखी जवळ आणला की परत येते.

नाही झाली? मग तुमची नजर टिकलीकडे सरकते आहे, नाहीतर मान कलली आहे. माझ्या भाच्याचं दोन्ही होत होतं. त्याला कोपरं टेबलावर टेकवून बसवलं, तेव्हा जमलं. डाव्या डोळ्यासाठी नवा कागद नको, हाच उलटा फिरवा म्हणजे टिकली डावीकडे येईल.

टिकली जिथे हरवते तो अंधबिंदू. फ्रान्समधल्या एदम मारिऑतने १६६०च्या दशकात तो दाखवून दिला. दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरून, निघालेले सुमारे १० लाख तंतू एका जागी गोळा होऊन, नस बनून मेंदूकडे जातात. त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात.

आता खरी गंमत. फुलीजवळून सुरू करून, टिकलीच्या मधून कागदाच्या उजव्या कडेपर्यंत जाड आडवी रेघ ओढा आणि पुन्हा तसंच बघा. टिकली जाते, रेघ मात्र सलग दिसते! पिवळा कागद घेतलात तर तिथे पिवळंच दिसेल. काळं भोक कुठेच नाही. जिथून काहीच खबर येत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं बघून रंग भरतो, आणि भरल्याचं आपल्याला सांगत नाही. बाबांच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यात डावा डोळा उजव्याची उणीव भरून काढत होता, आणि वाचायला लागतो तो नजरेचा मधला भाग शाबूत होता.

आपला अंधबिंदू केवढा, तेही मोजता येतं. टिकली काढून टाका. पेनाला पांढरा कागद गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवा. फुलीवर नजर ठेवून, ३० सेंटिमीटर अंतर न बदलता, टोक उजवीकडे सरकवत न्या. दिसेनासं झालं तिथे खूण, पुन्हा दिसलं तिथे खूण. असंच वरून खाली करा. जवळजवळ ३ सेंटिमीटर रुंद आणि त्याहून थोडा उंच असा डाग तयार होईल. हाच डाग १० मीटरवर पाऊण मीटरहून मोठा होतो. आमच्या बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत समोरून येणारी स्कूटर त्यात मावेल. दोन्ही डोळे उघडे असले की मात्र एकाचा डाग दुसरा झाकतो.

म्हणून महिन्यातून एकदा, एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या मधल्या तारखेकडे बघा. नजर तिथेच ठेवायची. चारही कोपरे आहेत का? चौकटी सरळ आहेत की वाकड्या? काही वेगळं वाटलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर गाठा. रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर त्याच दिवशी. पण सगळं ठीक दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीचा काचबिंदू घरच्या परीक्षेत सापडत नाही. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल त्यांनी तर नक्कीच, डोळ्यांचा दाब, नस आणि लागलं तर नजरेचा परीघ (नजर न हलवता आजूबाजूचं किती दिसतं ते) तपासून घ्यावा. मी माझा घेतला.

परिघाच्या तपासणीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. त्यातला एखादा दिवा मुद्दाम अंधबिंदूवर टाकतात. तो दिसला तर नजर हलली हे कळतं. परवा बाबांना आत सोडताना मी त्यांना हे सांगितलं. "म्हणजे टिकलीवालाच खेळ," म्हणाले, आणि चष्मा माझ्या हातात देऊन आत गेले.