बांगडीच्या वर्तुळाचं केंद्र कसं शोधावं

नववीच्या भूमितीत प्रमेय आहे: वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडावर) टाकलेला लंब जीवेला दुभागतो. आकृतीत केंद्र आयतं दिलेलं असतं, त्यामुळे मुलं ते पाठ करून मोकळी होतात. मला वाटतं, हे प्रमेय केंद्र हरवलेल्या वर्तुळावरच शिकावं.

घरातली काचेची बांगडी कागदावर घट्ट धरा आणि टोकदार पेन्सिल आतल्या कडेने फिरवा. वर्तुळ झालं, पण कंपासचं टोक कुठे टेकलंच नाही, म्हणून केंद्राची खूणही नाही.

आता पट्टीने एक जीवा काढा, चांगली ४ सेमी लांब. कंपासमध्ये तिच्या निम्म्याहून जास्त अंतर घ्या, ३ सेमी पुरे. एका टोकावर कंपास टेकवून जीवेच्या दोन्ही बाजूंना कंस काढा. अंतर न बदलता दुसऱ्या टोकावरूनही काढा. कंस जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की जीवेचा लंबदुभाजक मिळतो.

या रेषेवरचा प्रत्येक बिंदू जीवेच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो. केंद्रही तसंच, कारण दोन्हीकडे त्रिज्याच! म्हणजे केंद्र याच रेषेवर आहे. कुठे, ते दुसरी जीवा सांगेल. ती पहिलीला समांतर नको, साधारण आडवी-उभी जोडी असू द्या. रेषा फार तिरप्या छेदल्या तर नेमका बिंदू कळत नाही. तिचाही लंबदुभाजक काढा. दोन्ही छेदतात तिथे केंद्र.

खात्रीसाठी तिसरी जीवा घ्या. तिन्ही रेषांमध्ये बारीक त्रिकोण उरला, तर बहुधा पेन्सिल बोथट होती किंवा बांगडी सरकली.

त्रिज्याही पडताळता येते. 'दोन-चार' मापाची बांगडी म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी ४ भाग, म्हणजे सुमारे ५.७ सेमी. पेन्सिलीच्या जाडीमुळे वर्तुळ किंचित लहान येतं, तेव्हा त्रिज्या २.८ सेमीच्या आसपास हवी.

गुण्याने हेच झटपट होतं. त्याचा काटकोनी कोपरा वर्तुळावर ठेवा. दोन्ही कडा वर्तुळाला छेदतात ते बिंदू जोडले की व्यास, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. असे दोन व्यास काढा.

पण अर्ध्याहून जास्त वर्तुळ कागदाने झाकून बघा. गुण्या अडतो. उरलेल्या कंसावर दोन जीवा मावल्या, की लंबदुभाजक मात्र झाकलेलं केंद्रही शोधून देतात.